प्राथमिक शाळा आणि शिशुसंगोपन
(मंडळाच्या चाकण येथील वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण)



आपल्या प्राथमिक शाळेस जोडून तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शिशुवर्ग काढावा, असा ठराव आज आपणापुढे यावयाचा आहे. त्यावर दोन शब्द बोलण्याची संधी चालकांनी मला दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ठरावास माझा पाठिंबा आहे. मात्र तो ज्या स्वरूपात छापला गेला आहे, त्या स्वरूपात नाही. त्यात गणवेश आहे, पाटी-दप्तर आहे, इंग्रजी अक्षरओळख आहे. मूल झोपेला आले तर त्याला कोठे निजवावयाचे, याचा मात्र उल्लेख नाही.

हे मी का म्हणते, ते सांगण्यासाठी माझीच एक चूक आपणापुढे मांडते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका शाळेत तिसरीचा वर्ग घेत असे. एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गात येई. आईबाप दोघेही मजुरीला जात. भाऊ रडू लागला की ती त्याला घेऊन ओसरीवर बसे आणि तेथूनच फळ्याकडे पाही. तपासणीचे दिवस जवळ आले, तेव्हा मी तिला म्हटले, "उद्यापासून एकटी येत जा, बाळ." दुसऱ्या दिवशी ती आली नाही, पुढे कधीच आली नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी कित्येक दिवस गैरहजेरी मांडीत होते, आणि ती मांडताना आपण शिस्त राखली, असे समाधानही मला वाटत होते!

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात पूर्वीच शोधले गेले होते, हे मला फार उशिरा कळले. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीस गेल्या आणि त्यांनी तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. आपल्याच पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या, बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पैशाची साधने परवडत नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पाने आणि खडे हीच साधने झाली. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुलांना गुरे राखावी लागत, म्हणून कुरणशाळा निघाली. आणि मोठ्या मुलींना तान्ही भावंडे सांभाळावी लागत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली गेली. याच योजनेस त्यांनी 'विकासवाडी' असे नाव दिले. मुलगी येताना भावाला पाळणाघरात ठेवी आणि आपल्या वर्गात जाऊन बसे. इतकी साधी गोष्ट! माझ्या ओसरीवरच्या मुलीला याहून अधिक काही नको होते.

शिशुवर्ग म्हणजे सुखवस्तू घरांची हौस, असा आपणांपैकी काहींचा समज आहे. वस्तुतः मॅडम माँटेसोरींचे पहिले बालगृह १९०७ साली रोम शहरातील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत, एका चाळवजा इमारतीत निघाले. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले सांभाळावयाची, येथूनच त्याचा आरंभ झाला.

आता आपल्या चाकणकडे पाहा. ज्या गावाचे नाव संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार यांमुळे घेतले जाई, ते आज कारखान्यांमुळे देशभर ठाऊक आहे. आजूबाजूच्या वाड्यांतून भाड्याच्या खोल्या उठल्या आहेत. त्यांत मराठवाडा-विदर्भातून आणि दूरच्या प्रांतांतून आलेली कुटुंबे राहतात. आपल्या ज्ञातीचीही पुष्कळ आहेत. त्या घरांत आजी नाही, काकू नाही. आई पहिल्या पाळीला गेली की मूल कोणाकडे? शेजारणीकडे, नाहीतर थोरल्या बहिणीकडे. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघराचे बंधन घातले होते. परंतु आठ-दहा बायांच्या लहान कारखान्यास आणि घरकाम करणारीस त्याचा काय उपयोग?

गावोगावच्या अंगणवाड्या आहेत, त्यांचे ऋण मी विसरत नाही. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने त्या उभ्या केल्या. आहार आणि लसीकरण त्यांनीच घरोघर पोचविले. आपण त्यांच्याशी स्पर्धा करू नये. परंतु अंगणवाडी काही तासांनी मिटते आणि आईची पाळी आठ तासांची असते. मधले तास आपण उचलावेत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वय वर्षे तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. त्याचा अर्थ पहिलीची पाटी तिसऱ्या वर्षी हातात द्यावी, असा काही पालक लावतात. (आमच्या घरीही हा वाद आहे, नातू साडेतीन वर्षांचा आहे आणि सूनबाईंनी चार ओळींची वही आणून ठेविली आहे.) अर्थ उलट आहे. पहिली-दुसरीच शिशुवर्गासारखी खेळकर व्हावयास हवी. बोटांत बळ येण्याआधी लेखणी धरविली, तर अक्षर येत नाही, रडे तेवढे येते. गाणी, गोष्टी, माती, वाळू, मणी ओवणे आणि भरपूर बोलणे, तेही घरच्या भाषेत, एवढा अभ्यासक्रम त्या वयास पुरे आहे.

यास्तव माझ्या उपसूचना अशा. गणवेशासाठी ठेविलेली रक्कम दोन मदतनीस बायांच्या वेतनाकडे वळवावी. उत्तरेकडील दोन खोल्यांपैकी एक निजण्यासाठी राखावी. लहान मुलांच्या उंचीचे शौचकूप आणि हात धुण्याचा नळ प्रथम व्हावा, फळा मागाहून. दोन वर्षांखालील भावंडांसाठी पाळणे असावेत. आणि वर्ग सर्व ज्ञातींच्या मुलांना खुला असावा. खोलीत शेजारी राहणाऱ्या दोन मुलांपैकी एकास आत घ्यावे आणि दुसऱ्यास फाटकाबाहेर ठेवावे, हे त्या मुलांनाच समजणार नाही.

शालान्त परीक्षेतील गुणवंतांचे सत्कार आपण दरवर्षी करतो, त्यांची छायाचित्रे स्मरणिकेत छापतो. सहा वर्षांखालील मुलांच्या नावे आपल्या जमाखर्चात आजवर एक ओळही नाही. मी मागील पाच अंक चाळून पाहिले. खर्चाचा अंदाज मी चिटणीसांकडे लिहून दिला आहे. पाळण्यांसाठी पहिली वर्गणी माझ्या निवृत्तिवेतनातून आजच जमा केली आहे. ठराव मतास टाकण्यापूर्वी उपसूचना वाचून दाखवाव्यात, अशी अध्यक्षांस विनंती करून मी आपली रजा घेते.