बदलीची नोकरी आणि मनाचा वॉर्ड

रायपूरच्या तात्यापाऱ्यातून बोलतोय. महाराष्ट्रात बसून ऐकणाऱ्यांना हे नाव नवीन असेल. छत्तीसगडच्या राजधानीतली ही जुनी वस्ती, आणि इथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १७५८ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी रतनपूरला कारभार पाहायला आले आणि त्यांच्या मागोमाग मराठी माणसंही आली. पुढे १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूरच्याच कारभाराखाली होता. कोणी रेल्वेत, कोणी शाळेत, कोणी कचेरीत बदली होऊन आलं आणि इथलंच झालं. बदली आमच्या रक्तात आहे. मी तर फौजेतला. दर दोन-तीन वर्षांनी ट्रंका बांधायच्या, नव्या ठिकाणी उघडायच्या. म्हणून आजचा विषय डॉक्टर नसूनही मी घेतला आहे.

आमच्या गल्लीतली एक मुलगी नर्स आहे. बी.एस्सी. नर्सिंग झालं, मग तीन वर्षं मानसोपचार विभागात काढली. एके संध्याकाळी आली आणि म्हणाली, "काका, मला ट्रॅव्हल नर्स व्हायचंय. पण सगळे म्हणतात, तू तर सायकियाट्रीवाली, तुला बाहेर कोण घेणार?"

मी म्हटलं, "बेटा, बस. चहा घे. हा प्रश्न नीट उलगडून बघू."

आज मी तेच करणार आहे, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

आधी शब्द समजून घेऊ. ट्रॅव्हल नर्स म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, जिथे गरज तिथे जाऊन काम करणारी नर्स. अमेरिकेत हा करार साधारण १३ आठवड्यांचा असतो. तो संपला की दुसरं शहर. आपल्याकडे असा तयार बाजार नाही. पण फिरती नर्स आपल्याकडे नवी नाही. २८ मार्च १८८८ रोजी लष्करी इस्पितळांची व्यवस्था लावायला दहा प्रशिक्षित नर्सेस मुंबईत उतरल्या. आजच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची सुरुवात ती. या सेवेतल्या सिस्टर कमिशन्ड अधिकारी असतात, खांद्यावर तारे असतात, आणि आज पुण्यात तर दोन वर्षांनी ईशान्येकडे. माझ्या मते भारतातली खरी ट्रॅव्हल नर्स तीच.

आणि मानसोपचाराचं म्हणाल, तर लिंडा रिचर्ड्स या बाईंचं नाव लक्षात ठेवा. १८७३ मध्ये प्रशिक्षण पूर्ण केलेली ही अमेरिकेतली पहिली नर्स. पुढे जपानला गेल्या, तिथे नर्सिंगचं शिक्षण सुरू केलं, आणि परत आल्यावर मनोरुग्णालयांमध्ये नर्सिंगची घडी बसवली. फिरती आणि मनाचा वॉर्ड, दोन्ही एकाच बाईच्या आयुष्यात. तेव्हा "सायकियाट्रीवाली" म्हणजे कमी, हे डोक्यातून काढा.

फौजेत आम्ही जवानाची तब्येत "शेप" या मापाने मोजतो. पाच अक्षरं आहेत, आणि त्यातलं पहिलं मनासाठी आहे. कान, हातपाय, शरीर, डोळे, सगळं त्यानंतर. माझ्या हाताखालच्या काही जवानांना मी मानसोपचार वॉर्डात दाखल होताना पाहिलं आहे. धडधाकट माणूस, पण चार रात्री झोपलेला नाही आणि भिंतीशी बोलतोय. त्याच्याशी पहिलं माणसासारखं बोलणारी व्यक्ती बहुतेक वेळा सिस्टर असायची. डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा येत. सिस्टर रात्रभर असे. ती नवीन पोस्टिंगवर कालच आलेली असली, तरी त्या जवानाला तो फरक कळता कामा नये. या कामाची सगळी अडचण आणि सगळी किंमत या एका वाक्यात आहे.

आता सुरुवात कशी करायची ते बघू.

पहिली गोष्ट, पाया. किमान दोन वर्षं एका चांगल्या वॉर्डात काढा, आणि शक्यतो एकाच प्रकारच्या नाही. तीव्र आजाराचा वॉर्ड, व्यसनमुक्ती, वृद्धांचा विभाग, जे मिळेल ते बघा. काय काय केलं त्याची वही ठेवा, तारखेसकट. फक्त रुग्णाचं नाव त्यात नको. जमलं तर भारतीय परिचर्या परिषदेने मान्य केलेला मानसिक आरोग्य नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करा. बंगळूरचं निम्हान्स आणि १९१८ मध्ये स्थापन झालेली रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था ही या शिक्षणातली मोठी नावं. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. आमच्याकडे बिलासपूरजवळ सेंदरीला राज्याचं मानसिक रुग्णालय आहे.

दुसरी गोष्ट, हात चालू ठेवा. मनाच्या वॉर्डात राहून सलाईन लावणं, ईसीजी काढणं, शुगर बघणं यांची सवय सुटते, अशी तक्रार असते. सुटू देऊ नका. पण तुमच्याकडे जे आहे ते साध्या वॉर्डात फार कमी जणांकडे असतं, तेही ओळखा. दारू अचानक सुटलेला पेशंट हाड मोडून दाखल होतो आणि दोन-तीन दिवसांनी बरळायला लागतो, थरथरतो. बाकीचे म्हणतात, तमाशा करतोय. तुम्हाला कळतं, हा जिवावरचा प्रसंग आहे. क्लोझापिन चालू असलेल्याला ताप आला, घसा दुखला, तर पांढऱ्या पेशी मोजायला हव्यात हे तुम्हाला ठाऊक असतं. आणि लिथियम! रायपूरचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या आसपास. घाम गेला, पाणी कमी पडलं, जुलाब झाले, की रक्तातलं लिथियम वाढतं. हात कापतात, तोल जातो, बोलणं जड होतं. घरचे म्हणतात, लू लागली. अशा वेळी "ह्यांच्या गोळ्या कोणत्या?" हा एक प्रश्न विचारणारी नर्स जीव वाचवते. मुलाखतीत हेच सांगा.

तिसरी गोष्ट, कागद. फौजेत म्हणतात, कागद नाही तर माणूस नाही. राज्य बदललं की त्या राज्याच्या परिषदेकडे नोंदणीचं काम करावं लागतं. महाराष्ट्राची परिषद वेगळी, छत्तीसगडची वेगळी. राष्ट्रीय नोंदवहीतला तुमचा एनयूआयडी क्रमांक काढून ठेवा. प्रत्येक नोकरी सोडताना अनुभवपत्र आणि कार्यमुक्तीचं पत्र त्याच आठवड्यात हातात घ्या, नंतर कोणी ओळख देत नाही. आणि मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, साक्षांकित प्रत द्या, मूळ परत घ्या. आमच्या नात्यातल्या एका मुलीचे मूळ कागद एका खाजगी इस्पितळाने अडकवून ठेवले होते. दुसरी चांगली नोकरी समोर होती, ती गेली.

चौथी गोष्ट, जायचं कुठे. देशातच बरंच आहे. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस हा एक रस्ता. परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी आणि मग देशभर पोस्टिंग. एम्सची नॉरसेट ही सामाईक परीक्षा दुसरा रस्ता, आमच्या रायपूरलाही एम्स आहे. तिसरा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. तो १९९६ पासून चालू आहे आणि त्याच्या पथकात मानसोपचार नर्सची जागा असते. बहुधा कंत्राटी असते, पगार डोळे दिपवणारा नसतो. पण तालुक्याच्या ओपीडीत बसून गावोगावची माणसं बघायला मिळतात. हेही फिरतं नर्सिंगच आहे. आपत्तीच्या वेळीही अशा नर्सची गरज लागते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवा. ढिगारे उपसले, घरं बांधून झाली, पण ज्यांची माणसं गेली त्यांची झोप किती वर्षं परतली नाही.

परदेशाचं सांगतो. अमेरिकेतला १३ आठवड्यांचा करार इथून थेट मिळेल असं समजू नका. आधी एनक्लेक्स परीक्षा, मग राज्याचं लायसन्स, मग व्हिसा. बहुतेकांना सुरुवातीला एकाच मालकाकडे दोन-तीन वर्षं बांधून राहावं लागतं. फिरणं त्यानंतर. तिथल्या चाळीसपेक्षा जास्त राज्यांनी एकमेकांचं लायसन्स मान्य करण्याचा करार केला आहे. कॅलिफोर्निया मात्र त्यात नाही. ब्रिटनमध्ये मानसिक आरोग्य नर्सिंग ही नोंदणीची स्वतंत्र शाखाच आहे. तिथे तुमचा अनुभव सरळ उपयोगी पडतो.

आणि एजंट. परदेशी नोकरीचा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर बघता येतं. त्याने घ्यायच्या शुल्कावर सरकारने ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा घातलेली आहे. कोणी पाच लाख मागत असेल, तर उठून या.

पाचवी गोष्ट, नव्या वॉर्डातला पहिला दिवस. फौजेत नवी चौकी ताब्यात घेताना आम्ही आधी चालत फिरून बघतो. तुम्हीही तेच करा. दारं किती, चाव्या कोणाकडे? मदत कशी बोलवायची? कोणत्या पेशंटवर सतत नजर ठेवायची आहे, का, आणि रात्री ती कोण ठेवतं? बाथरूममध्ये गळफास लावता येईल अशी जागा कुठे आहे? तातडीच्या औषधांचा ट्रे कुठे? हे विचारायला लाजू नका. जुने लोक हसतील, हसू द्या.

आणि कायदा पाठ ठेवा. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. साखळदंडाने बांधायला बंदी आहे. एकांतात कोंडायला बंदी आहे. हातपाय धरून किंवा बांधून आवर घालायचा, तर तत्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीने, गरजेपुरताच वेळ, आणि नोंद करून. "आमच्याकडे असंच चालतं" असं कोणी म्हणालं, तर नव्या माणसाला गप्प राहावंसं वाटतं. तीन महिन्यांसाठी आलोय, कशाला वाकडं व्हा! पण बांधलेला माणूस तुमचा करार किती दिवसांचा आहे हे बघत नाही. शांतपणे लेखी मंजुरी मागा. आवाज चढवायची गरज पडत नाही, कागद मागितला की बरीच माणसं आपोआप सरळ होतात.

सहावी गोष्ट, भाषा. सर्जरीच्या वॉर्डात खुणांवर एक दिवस निघेल, इथे नाही निघणार. इथे भाषा हेच तुमचं हत्यार. मराठी बाई म्हणते, "करमत नाही हो." याला हिंदीत नेमका शब्द सापडत नाही. आमच्या भागातला पेशंट डॉक्टरसमोर हिंदी बोलेल, पण घाबरला की छत्तीसगढीत येईल. त्याला "कइसे लागत हे?" एवढं विचारलं तरी चेहरा सैल पडतो. नव्या ठिकाणी जाण्याआधी तिथले पन्नास शब्द शिका. झोप, भूक, भीती, रडू, राग, आवाज ऐकू येणं, मरावंसं वाटणं. हे शब्द वॉर्डातल्या मावशींना विचारा, पुस्तकात मिळणार नाहीत.

सातवी गोष्ट, निरोप. मनाच्या आजारात पेशंट सिस्टरवर विश्वास टाकतो, आणि तुमची तर जाण्याची तारीख ठरलेली. न सांगता गायब होऊ नका. आधीपासून सांगा, "मी अमुक तारखेपर्यंत आहे. नंतर या सिस्टर असतील." दोघींनी मिळून एकदा त्याच्याजवळ बसा. आधीच सोडून दिलेल्या माणसाला आणखी एकदा सोडून गेल्यासारखं वाटू नये, एवढं आपल्या हातात असतं.

आठवी गोष्ट तुमच्या स्वतःच्या मनाची. नवं गाव, रात्रपाळी, भाड्याची खोली, दिवसभर दुसऱ्यांचं दुःख. घरी फोनची वेळ ठरवा, रोज एक जेवण बसून जेवा, वॉर्डाबाहेरचा एक तरी मित्र जोडा. झोप सलग बिघडली तर स्वतःसाठी मदत घ्या. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो नर्सनेही लावायचा असतो.

शेवटचं आईवडिलांना. "मुलगी वेड्यांच्या दवाखान्यात आहे, आणि त्यात गावोगाव फिरणार, लग्नाचं काय?" हा प्रश्न मी या गल्लीत माझ्या कानांनी ऐकला आहे. मुलगा फौजेत जातो तेव्हा त्याची बदली आपण अभिमानाने सांगतो. मग मुलीची बदली दबक्या आवाजात का? स्थळ बघायला आलेल्यांना सांगा, आमची मुलगी माणसाचं तुटलेलं मन सांभाळते आणि ते कुठेही जाऊन सांभाळू शकते. ज्यांना ते कमीपणाचं वाटेल, ती माणसं आधीच कळलेली बरी.

आमच्या गल्लीतली ती मुलगी सध्या डिप्लोमाचा अर्ज भरतेय, आणि फाइल लावून तयार आहे. तुमच्यापैकी ज्यांना निघायचंय त्यांनी या रविवारी एवढंच करावं. एक फाइल घ्या, नोंदणी, गुणपत्रिका, अनुभवपत्रं क्रमाने लावा, आणि जे कमी आहे त्याची यादी वरती टाचा. पहिलं पाऊल तेवढंच आहे.

जय हिंद.