जीर्ण वस्त्रांचे दुसरे आयुष्य



सांवेर रोडच्या या औद्योगिक वसाहतीत वस्तू कशा घडतात, हे आपण रोज पाहता. उपयोग सरल्यावर त्यांचे काय होते, याविषयी, त्यातही वस्त्राविषयी, आज बोलावे असे मी योजिले आहे.

इंदूर हे कापडगिरण्यांचे शहर होते. १९९०च्या दशकाच्या आरंभी हुकुमचंद मिल बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला तो डिसेंबर २०२३ मध्ये. तीन दशकांची ही प्रतीक्षा सांगितली, कारण कापडामागचे हात विसरण्याची सवय आपल्याला जुनीच आहे. जुन्या कपड्यांच्या बाबतीत तरी ती मोडावी.

आपल्या घरांत जुन्या लुगड्याची गोधडी होत असे. वर-खाली सुती लुगडे, मध्ये विरलेल्या धोतरांचे, सदऱ्यांचे थर, आणि कडेपासून आत सरकत जाणारा धावदोरा. थर सरकू नयेत म्हणून चारी बाजूंनी बायका बसत. एकटीचे ते काम नव्हे. (गोधडीचे गोडवे गाणाऱ्यांपैकी कितीजणांनी सुई धरली, हे न विचारलेलेच बरे!) या श्रमाला प्रेम म्हटले गेले, मजुरी मात्र कोणी मोजली नाही.

बोहारणीचा व्यवहार याहून रोखठोक होता. जुने कपडे घेऊन ती भांडे देई. घासाघीस होई, आवाज चढत. पण तिच्यावर उपकार केल्याचा आव कोणाला आणता येत नसे. ते कपडे निवडून, धुऊन, सांधून पुन्हा बाजारात जात. आज आपण ‘दान’ म्हणून गाठोडे सोपवतो, त्यात बटणे तुटलेले, मळलेले कपडेही कोंबतो. हे दान नव्हे, आपली अडगळ दुसऱ्याच्या दारी नेणे होय.

१९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी दिल्लीत ‘गूंज’ ही संस्था सुरू केली. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावकऱ्यांनी आपली गरज स्वतः ठरवावी, विहीर खणावी, रस्ता दुरुस्त करावा आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत, ही त्यांची पद्धत. उरलेल्या सुती कापडापासून स्त्रियांसाठी स्वच्छ घड्याही तेथे तयार होतात. घेणारा येथे याचक राहत नाही, ही गोष्ट मला कापडाच्या बचतीहून मोलाची वाटते.

इंदूरने ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची शिस्त अंगी बाणवली आहे. तीच कपड्यांना लावता येईल. आपल्या शाळेने गणवेशापासून आरंभ करावा. वर्ष संपताना आखूड झालेले गणवेश धुऊन, बटणे लावून आणावेत आणि मापाप्रमाणे मांडून सर्वांनाच निवडू द्यावेत. केवळ गरिबांची अशी वेगळी रांग नको. फाटलेल्यांतले सुती निराळे काढावे, कारण पॉलिएस्टर घाम टिपत नाही. त्यांच्या पिशव्या, आसने वस्तीतील शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींकडून करून घ्यावीत. दर नगाची मजुरी त्यांच्याशी बसून आधी ठरवावी, आणि ती फलकावर लिहावी.