ॲक्रिलिक रंगांतील व्यक्तिचित्र : नवशिक्या शिक्षकासाठी

(प्राथमिक शिक्षकांच्या चर्चासत्रातील भाषण)



प्राथमिक शाळेच्या भिंतींवर चेहरे पुष्कळ असतात. महात्मा फुले, सावित्रीबाई, डॉ. आंबेडकर, गाडगेबाबा, तुकडोजी महाराज यांच्या तसबिरी गावोगावी आढळतात. परंतु ज्या मुलांसाठी शाळा चालते त्यांपैकी एखाद्याचा चेहरा रंगांत उतरलेला क्वचितच दिसतो. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत स्वतंत्र कलाशिक्षक नसतो. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांतही व्यक्तिचित्र हा स्वतंत्र विषय नाही. त्यामुळे या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शिक्षकाचाही हात घडा, पेला, पाने-फुले यांवर बसलेला असतो. माणूस समोर बसला की तो थबकतो.

महाराष्ट्रात व्यक्तिचित्रणाची परंपरा मोठी आहे. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी हातात समई धरलेल्या आपल्या कन्येचे जे चित्र रंगविले, ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ते तैलचित्र असावे असे पाहणाऱ्यास वाटते, परंतु ते जलरंगातील आहे. जलरंगात चूक झाकता येत नाही, म्हणून तशा कामाला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. तैलरंग चूक सुधारू देतो, पण वाळण्यास दिवसच्या दिवस घेतो, आणि टर्पेंटाइनचा वास वर्गात नकोसा होतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आलेले, पाण्यात कालविण्याचे ॲक्रिलिक रंग नवशिक्यास या दोहोंपेक्षा सोयीचे आहेत. त्यांतील पाणी उडून गेले की कृत्रिम राळेचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून पापुद्रा बनतो, व तो पुन्हा पाण्याने विरघळत नाही. म्हणजे वाकडे झालेले नाक वाळू द्यावे आणि त्यावर दुसरे रंगवावे.

हाच गुण नागपूरच्या उन्हाळ्यात दोष ठरतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना थाळीतला रंग कालवता कालवताच आटतो, व कुंचल्याचे केस काडीसारखे ताठ होतात. ज्याला मोकळीक असेल त्याने आरंभ श्रावणात करावा. दमट हवेत रंग सावकाश वाळतो. उन्हाळ्याच्या सुटीतच करावयाचे असेल तर पसरट ताटात ओले फडके अंथरून त्यावर बटर पेपर घालावा व रंग त्यावर काढावेत. खालून ओल मिळत राहिल्याने ते बराच वेळ मऊ राहतात. पंखा मात्र रंगांवर येऊ देऊ नये.

रेखाटनात नवशिक्याची एक चूक ठरलेली असते. तो डोळे फार वर काढतो. प्रौढ माणसाचे डोळे माथा व हनुवटी यांच्या साधारण मध्यावर असतात, आणि लहान मुलाचे त्याहूनही किंचित खाली. कपाळ व केस यांना इतकी जागा लागते हे मापून पाहिल्याशिवाय कोणी मानीत नाही. हात लांब करून पेन्सिलीने माप घ्यावे. बसणाऱ्यास व्हरांड्यात एका बाजूने उजेड येईल असे बसवावे, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू स्पष्टपणे छायेत जाते. डोळे किलकिले करून पाहिले की बारीकसारीक तपशील नाहीसे होतात व उजेड, मधली छटा आणि छाया एवढेच उरते. प्रथम तेवढेच रंगवावे. पापण्या मोजीत बसणारा हमखास फसतो.

आता रंगाचा प्रश्न, आणि खरे सांगावयाचे तर सर्वांत अवघड गोष्ट हीच. चेहरा रंगवावयास सांगितले की मूल पेटीतली गुलाबी कांडी उचलते. तिला 'अंगाचा रंग' म्हणतात हे त्याला कोणीतरी शिकविलेले असते. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीच्या खडूंमध्ये अशाच एका छटेचे नाव 'फ्लेश', म्हणजे मांस किंवा अंग, असे होते. १९६२ मध्ये ते बदलून 'पीच' केले गेले. आपल्याकडे नाव गेले तरी समजूत गेलेली नाही. सावळे मूल स्वतःला गुलाबी रंगविते, व शिक्षक 'छान' असा शेरा देतो.

शिक्षकाने पहिला धडा चेहऱ्याचा घेऊच नये. स्वतःच्या हाताच्या पाठीचा रंग तयार करावा. गावातल्या भिंतींनी त्याला पिवडी आणि गेरू हे रंग केव्हाच शिकविले आहेत. ट्यूबवर त्यांचे जवळचे भाऊबंद यलो ऑकर व बर्न्ट सायना या नावांनी मिळतात. त्यांत किंचित अल्ट्रामरीन निळा घातला की सावळी छटा येते, निळा वाढवीत गेले की काळसर. तयार काळा रंग वापरू नये, कातडी मळकट दिसते. पांढराही जपून, तो अधिक झाला की सावळा चेहरा राख फासल्यासारखा होतो. उजेडाच्या जागी पिवडीच थोडी वाढवावी. सावळ्या कपाळावर मोकळ्या आकाशाची निळसर झाक पडते, ती दिसली तर जरूर घ्यावी.

ॲक्रिलिक ओला असताना फिका दिसतो व वाळल्यावर गडद होतो, कारण त्यातील दुधाळ चिकटा वाळून पारदर्शक बनतो. म्हणून कागदाच्या पट्टीवर ठिपका लावून तो वाळू द्यावा, मग हाताशेजारी धरून ताडून पाहावा. हे काम मुलांसमोर केल्यास ती आपापले हात पुढे करतात. मग त्यांनाच मिश्रण करू द्यावे. एका वर्गातल्या हातांचे रंग किती निरनिराळे आहेत हे त्या पट्ट्यांवर दिसते, आणि गुलाबी कांडी त्यांतल्या एकाशीही जुळत नाही. मात्र कोण गोरे, कोण काळे, अशी रांग लावू देऊ नये. पट्ट्या मिसळूनच ठेवाव्यात.

त्यानंतर चेहरा. आहार शिजविणाऱ्या बाई दुपारी थोडा वेळ बसण्यास तयार झाल्या, तर त्यांच्यासारखा नमुना नाही. मुलाला दहा मिनिटे स्थिर बसविणे कठीण. त्यांची संमती आधी घ्यावी, आणि रंग उजळ करावा असे त्या म्हणाल्यास वाद न घालता वाळलेली पट्टी त्यांच्याच हाताशी धरून दाखवावी.

कुंचले काम संपताच साबणाने धुवावेत. पाण्याच्या भांड्यात केसांवर उभे ठेवू नयेत. धुण्याचे पाणी हातपंपाजवळ किंवा विहिरीच्या काठी ओतू नये, कारण त्यात प्लॅस्टिकचेच कण असतात. ते बादलीत रात्रभर निवू द्यावे, तळाचा गाळ जुन्या वर्तमानपत्रावर वाळवावा व कोरड्या कचऱ्यात टाकावा.