लेन्सच्या कपाळावर आडवा हात

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आता आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर बोलायला सांगणार. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर हल्ली लग्नाच्या पंगतीतही लोक तेच विचारतात, आमच्या मुलाची नोकरी राहील का म्हणून. पण फोनवर आपला वर्गमित्रच होता. म्हणाला, "तुला हवं त्यावर बोल, फक्त वेळ पाळ. नंतर चहा आहे." म्हणून मी माझ्या छंदातला विषय घेतला. तोही अगदी छोटा.

हे माझ्या हातात काय आहे बघा. काळ्या प्लास्टिकचं एक कडं. याला लेन्स हूड म्हणतात. कॅमेऱ्याच्या लेन्सच्या पुढे हा बसवतात. यात बॅटरी नाही, काच नाही, हलणारा एकही भाग नाही. तरीही मी आज फक्त याच्यावरच बोलणार आहे.

आज सकाळी पायऱ्यांवर आपला ग्रुप फोटो झाला, तेव्हा मी मोजलं. आपल्यापैकी सात जणांच्या गळ्यात चांगले कॅमेरे होते. दोघांकडे हूडच नव्हता. चौघांचा हूड होता, पण उलटा, म्हणजे तोंड मागे करून लेन्सवर बसवलेला. सुलटा लावलेला एकच. ज्यांचे उलटे होते त्यांची नावं मी घेणार नाही, ते आत्ता एकमेकांकडे बघून हसतायत तेवढं पुरे. हूड उलटा बसवण्याची सोय असते ती बॅगेत जागा कमी लागावी म्हणून. फोटो काढताना तो तसाच राहिला, तर छत्री काखेत धरून पावसात चालण्यासारखं आहे. वर झूमची किंवा फोकसची रिंग त्याच्याखाली दबते ती वेगळीच.

मी हसतेय, पण मीही त्यातलीच. आज सकाळी आपण ज्या फोटोला हार घातला, आपल्या विज्ञानाच्या बाईंचा, तो मी काढलेला आहे. तो जरा धुरकट आहे हे तुमच्यापैकी काहींच्या लक्षात आलं असेल. कुणाला वाटलं असेल फोटो जुना आहे, कुणाला वाटलं असेल छपाई बिघडली. तसं काही नाही. चूक माझी आहे, आणि ती या कड्याची आहे.

बाईंकडे मी मागच्या उन्हाळ्यात गेले होते. संध्याकाळी त्या अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. सूर्य त्यांच्या मागे, डावीकडे, बराच खाली आलेला. पांढऱ्या केसांवर मागून ऊन पडलं होतं आणि ते इतकं सुंदर दिसत होतं की मी घाईघाईने बॅगेतून कॅमेरा काढला. ८५ मिलिमीटरची लेन्स, हूड बॅगेत होता तसाच उलटा. बाई बोलत होत्या, मी ऐकत होते आणि मधूनमधून बटण दाबत होते. चौदा फोटो काढले. घरी येऊन संगणकावर उघडले, तर चौदाही फोटोंवर जणू पातळ ताक ओतलेलं. केस मागच्या भिंतीत विरघळलेले, आणि गडद काठाच्या घड्या नुसत्या राखाडी.

हे का होतं, ते बाईंनीच आपल्याला प्रकाशाच्या धड्यात शिकवलं होतं. काचेवर प्रकाश पडला की बराचसा आरपार जातो आणि थोडा परत फिरतो. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. लेन्समध्ये एक काच नसते, अनेक असतात. समजा सहा सुटी भिंगं आहेत, म्हणजे बारा पृष्ठभाग. बारा वेळा ४ टक्के गेले की शेवटी ६१ टक्क्यांच्या आसपासच प्रकाश उरतो. उरलेल्यातला काही आतल्या आत काचांमध्ये टोलवाटोलवी करत भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो. १९३५ मध्ये जर्मनीत झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ थर देऊन हे परावर्तन कमी करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आजच्या लेन्समध्ये असे अनेक थर असतात आणि परावर्तन एका टक्क्याच्या खाली येतं. पण सूर्यच इतका प्रखर असतो की त्याचा तेवढा अंशही चित्रावर धुकं पसरवायला पुरतो. यालाच फ्लेअर म्हणतात. कधी त्याचे गोल किंवा बहुकोनी ठिपके दिसतात, कधी नुसताच सगळा फोटो फिका पडतो.

गंमत अशी की बाईंच्या फोटोत सूर्य कुठेच नाही. तो चौकटीच्या बाहेर होता. त्या चित्राशी त्याच्या थेट किरणांचा काही संबंध नव्हता, तरी ते लेन्सच्या पुढच्या काचेवर पडत होते. हूडचं काम एवढंच, चित्राच्या बाहेरून येणारा प्रकाश काचेपर्यंत पोचू द्यायचा नाही. खो-खोच्या सामन्यांना बाई मैदानाच्या कडेला कपाळावर आडवा हात धरून उभ्या राहायच्या, आठवतं? तोच हा हात.

आता कुणी म्हणेल, तू सॉफ्टवेअरवाली, संगणकावर दुरुस्त का नाही केलंस? केलं. धुरकटपणा कमी करायची सोय अनेक प्रोग्रॅममध्ये असते. पण तिची मर्यादा गणितात आहे. समजा काठाच्या घडीतून सेन्सरच्या एका ठिपक्यावर १०० प्रकाशकण यायला हवेत. प्रकाशकण मोजून मापून येत नाहीत, थोडे कमी-जास्त होतात, आणि हा फरक साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. म्हणजे १०० ला १०. आता त्यात फ्लेअरचे ९०० मिसळले. एकूण १०००, आणि कमी-जास्त सुमारे ३२. संगणकाला ९०० वजा करता येतात, पण तो ३२ चा गोंधळ तसाच राहतो. १०० मध्ये ३२ चा गोंधळ म्हणजे घडी कुठली आणि खरखर कुठली हे कळत नाही. आमच्या कामातही हेच आहे. बाहेरून येणारी माहिती दारातच तपासायची. एकदा का चुकीची नोंद आत शिरून बाकीच्यांत मिसळली, की मग रात्र रात्र बसून निवडावी लागते आणि सगळी निवडून निघत नाही.

आता थोडं कामाचं. काही हूड सरळ गोल नळीसारखे असतात, काही फुलाच्या पाकळ्यांसारखे. पाकळ्या शोभेसाठी नाहीत. लेन्स गोल, पण आपलं चित्र आडवं आयताकृती. वर-खाली दृश्य कमी, म्हणून तिथे पाकळी लांब. डावी-उजवीकडे दृश्य जास्त, म्हणून तिथे आखूड. चार कोपरे सगळ्यांत लांब पोचतात, म्हणून तिथे खाच. हूड तिरका बसला किंवा दुसऱ्याच लेन्सचा लावला, तर फोटोचे कोपरे काळे होतात. लांबच्या लेन्सचा दृश्यकोन अरुंद असतो, म्हणून तिथे गोल, खोल हूड चालतो. झूम लेन्सचा हूड बहुधा तिच्या सगळ्यांत रुंद कोनाच्या बेताने केलेला असतो, त्यामुळे पुढे झूम केल्यावर तो तोकडा पडतो. तिथे हाताची मदत घ्यावी.

हूड फक्त उन्हातच लावायचा असं नाही. रात्री रस्त्यावरचे दिवे आणि स्नेहसंमेलनात रंगमंचाच्या बाजूचे दिवे तोच त्रास देतात. भुरभुर पावसात काचेवर थेंब कमी पडतात, आणि गर्दीत कॅमेरा कशावर आपटला तर पहिला मार हूड खातो. रबरी हूड असेल तर रेल्वेच्या बंद खिडकीला टेकवून फोटो काढा, डब्यातल्या दिव्याचं प्रतिबिंब येत नाही.

काही वेळा तो काढावाही लागतो. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश उघडला तर फोटोच्या खालच्या भागात हूडची अर्धगोल सावली येते. फुलावरच्या किड्याचा अगदी जवळून फोटो काढताना हूडच उजेड अडवतो. ट्रायपॉडवर जास्त वेळाचं एक्स्पोजर घेताना वारा सुटला असेल तर हूड शिडासारखा वारा धरतो आणि कॅमेरा हलतो. आणि सूर्य चौकटीतच असेल तर हूडचा त्यापुरता उपयोग नाही. काहींना फ्लेअर हवाही असतो. २००९ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात तो मुद्दाम ठिकठिकाणी आणलाय. आवडीने आणला तर माझी तक्रार नाही, नकळत आला की पस्तावा होतो.

मोबाइलवाल्यांनी हिरमुसून जाऊ नका. आधी रुमालाने मोबाइलची लेन्स पुसा, कारण बोटाचा तेलकट डागही असंच धुकं आणतो. मग रिकाम्या हाताचा तळवा लेन्सच्या वर किंवा बाजूला धरा, फक्त बोटं चित्रात येऊ देऊ नका. नाहीतर शेजारच्याला अशा जागी उभं करा की त्याची सावली मोबाइलवर पडेल. कुठलाही कॅमेरा असो, परीक्षा एकच: बटण दाबण्याआधी लेन्सच्या पुढच्या काचेकडे बघा. तिच्यावर थेट ऊन पडलंय का? पडलं असेल तर सावली करा.

माझे ते चौदा फोटो बघून मी बाईंना फोन केला होता. म्हटलं, बाई, फोटो बिघडले, पुन्हा येते. त्या म्हणाल्या, "दिवाळीत ये, सावकाश काढ." श्रावणातच त्या गेल्या. नंतर त्यांच्या घरच्यांनी माझ्याकडेच फोटो मागितला, कारण अलीकडचा, हसरा असा दुसरा नव्हता. चौदातला त्यातल्या त्यात बरा होता तो दिला. सकाळी हार घालताना मला वर बघवलं नाही.

म्हणून एक विनंती. चहानंतर आपले सर आणि बाई मैदानात चिंचेखाली बसणार आहेत. तेव्हा ऊन फाटकाच्या बाजूने, तिरकं येईल. हूड सुलटा करा, नसेल तर हात धरा, आणि प्रत्येकाचा एक तरी नीट फोटो काढा. घाई नको, त्यांना बोलू द्या. आणि ते फोटो नुसते ग्रुपवर टाकू नका, तिथे ते दाबून लहान होतात. चांगल्या कागदावर छापून त्यांच्या घरी पोचवा. ज्यांना छापून घ्यायला जमणार नाही त्यांनी मूळ फाइल माझ्याकडे द्या, मी छापून पाठवीन.

माझी वेळ संपली. ज्या चौघांचे हूड उलटे आहेत त्यांनी ते आत्ताच फिरवून घ्यावेत, म्हणजे मला नावं घ्यावी लागणार नाहीत.