नाणे आणि त्याचा पत्ता

इंग्लंडच्या पूर्व भागात सफोक परगण्यात हॉक्सन नावाचे एक लहानसे गाव आहे. १९९२ च्या नोव्हेंबर महिन्यात तेथील एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. हातोडा ही काही फार मोलाची वस्तू नव्हे; तरीही तो शोधून द्यावा, अशी विनंती त्याने आपल्या एका मित्राला केली. हा मित्र बागकामातून निवृत्त झालेला गृहस्थ होता आणि त्याच्याजवळ धातुशोधक यंत्र होते. त्याने शेतात यंत्र फिरवले, यंत्राने साद दिली, आणि मातीतून वर आले ते रोमन काळातील चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी! पुढे मोजदाद झाली, तेव्हा नुसत्या नाण्यांचीच संख्या पंधरा हजारांच्या आसपास भरली. हरवलेला हातोडाही अखेर सापडला; तो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

श्रोतेहो, ही हकीकत ऐकली की हा सारा दैवाचा खेळ आहे असे कोणालाही वाटेल. परंतु त्या दिवशी घडलेली खरी महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. चमचे आणि नाणी हाती येऊ लागताच त्या गृहस्थाने खोदणे थांबवले आणि अधिकाऱ्यांना खबर दिली. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ तेथे आले. त्यांनी माती हलक्या हाताने बाजूला केली. म्हणूनच ते धन ओकच्या लाकडी पेटीत ठेवलेले होते, त्या पेटीत आणखी लहान पेट्या होत्या, आणि काही वस्तू गवतात वा कापडात जपून ठेवलेल्या होत्या, हे कळू शकले. पेटीचे लाकूड केव्हाच कुजून गेले होते. कुदळीच्या चार घावांत तिचा उरलासुरला मागमूसही नाहीसा झाला असता. नाणी मात्र तेवढीच राहिली असती. आज मला बोलावयाचे आहे ते या दोन गोष्टींतील फरकाविषयी.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. या यंत्राचा जीव दांड्याच्या टोकाला बसवलेल्या चकतीत असतो. तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. या छंदातील मंडळी तिला ‘कॉइल’ म्हणतात. एका वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह वाहतो आणि त्यामुळे उत्पन्न होणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरते. वाटेत धातूचा तुकडा असला, तर त्यात पाण्यातील भोवऱ्यांसारखे बारीक प्रवाह उत्पन्न होतात. या प्रवाहांचे स्वतःचे एक क्षीण चुंबकीय क्षेत्र असते आणि ते दुसरे वेटोळे टिपते. म्हणजे यंत्र नाण्याला पाहत नाही. ते जमिनीत हाक घालते आणि परत येणारा ओ ऐकते.

या कल्पनेचा इतिहासही मोठा उद्बोधक आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. शरीरात रुतलेली ती गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावर चालणारे साधन वापरून पाहिले; पण त्यात यश आले नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे सैनिकी अधिकारी युझेफ कोसाट्स्की यांनी जमिनीत पेरलेले सुरुंग शोधण्याचे, हाती धरून चालवावयाचे यंत्र तयार केले. १९४२ साली एल अलामीनच्या लढाईत त्याने सैन्याला वाट मोकळी करून दिली. मृत्यू शोधण्यासाठी घडलेले ते साधन शांततेच्या काळात नाणी शोधणाऱ्यांच्या हाती आले.

आता चकत्यांचे प्रकार पाहू. एक प्रकार असा की, मोठ्या गोल वेटोळ्याच्या आत दुसरे लहान गोल वेटोळे बसवलेले असते. तिचे क्षेत्र जमिनीत उलट्या शंकूसारखे निमुळते होत जाते. वस्तू नेमकी कोठे आहे हे अशी चकती चांगले सांगते. परंतु माती लोहयुक्त असली की ती गोंधळते, मातीलाच धातू समजून ओरडू लागते. दुसऱ्या प्रकारात इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून, किंचित एकमेकांवर चढवून ठेवलेली असतात. येथे क्षेत्र शंकूसारखे नसून एखाद्या उभ्या पात्यासारखे असते. शेतकऱ्याने वखर चालवावा तसे ते पाते जमिनीतून ओढले जाते. शंकूच्या टोकाशी जसा बराच भाग सुटून जातो तसा तो येथे सुटत नाही, आणि खनिजयुक्त मातीतही ही चकती आपला तोल सांभाळते.

आकाराचा विचार त्याहूनही महत्त्वाचा आहे. पाच-सहा इंचांची लहान चकती खोलवर ऐकत नाही. पण जुन्या वस्तीच्या जागी, जेथे खिळे आणि लोखंडाचे तुकडे विखुरलेले असतात, तेथे दोन खिळ्यांमध्ये दडलेले नाणे ती वेगळे काढू शकते. मध्ययुगीन इंग्लंडमधील चांदीचा पेनी अगदी पातळ, वजनाला दीड ग्रॅमही न भरणारा असे; आणि सुट्ट्या पैशांसाठी त्याचेही कापून अर्धे किंवा चतकोर तुकडे केले जात. असा तुकडा टिपावयाचा तर लहान चकतीच हवी. अकरा इंचांची चकती नित्याच्या उपयोगाची. पंधरा इंचांची चकती एका फेरीत पुष्कळ जमीन व्यापते आणि खोलही जाते. पण तिचा खरा उपयोग मोठ्या वस्तूंसाठी. लहान नाण्याकडे तिचे दुर्लक्ष होते. खोल पुरलेले नाण्यांनी भरलेले मडके मात्र तिला ऐकू येते.

या ठिकाणी आपण क्षणभर थांबले पाहिजे. शेतजमिनीचा वरचा वीत-सव्वा वीत थर नांगराने शतकानुशतके उलथापालथ केलेला असतो. त्यातील नाणे आपली मूळ जागा सोडून गेलेले असते. ते उचलताना त्याचे ठिकाण टिपून ठेवले, म्हणजे बहुधा पुरे. पण त्या थराखाली नांगर पोहोचलेला नसतो. तेथे वस्तू कोणी तरी जशी ठेवली तशीच पडून असते. म्हणजे चकती जितकी मोठी, तितकी ती या अस्पर्शित थराच्या जवळ जाते, आणि तितकीच ती हाती धरणाऱ्याची जबाबदारी वाढते. खाली धातू आहे, एवढेच यंत्र सांगते. तो कसा ठेवला आहे, कोणाच्या शेजारी आहे, हे त्याला कळत नाही. ते कळावयाचे असेल तर खोदणाऱ्या हाताने थांबावे लागते.

थांबण्याचे मोल किती, याचे एक उदाहरण देतो. २०१० साली सॉमरसेट परगण्यातील फ्रोम या गावाजवळ एका छांदिष्टाला मातीत मडक्याचा काठ लागला. त्याने खड्डा पुन्हा बुजवला आणि पुरातत्त्व विभागाला कळवले. त्या एका मडक्यात ५२ हजार ५०३ रोमन नाणी निघाली. वजन सुमारे १६० किलोग्रॅम. पुरातत्त्वज्ञांनी मडके जागच्या जागी थराथराने रिकामे केले, तेव्हा एक नवलाची गोष्ट दिसली. सर्वांत अलीकडच्या काळातील नाण्यांपैकी बहुतेक मडक्याच्या खालच्या अर्ध्या भागात होती. ही एखाद्या कुटुंबाची वर्षानुवर्षे साठवलेली पुंजी असती, तर नवी नाणी वर आणि जुनी तळाशी असावयाची. यावरून ते मडके एकाच वेळी भरले गेले असावे असा निष्कर्ष निघाला. आणि हा संकटकाळी लपवलेला पैसा नसून कदाचित देवतेला केलेले अर्पण असेल, असा विचार अभ्यासक मांडू लागले. सारी नाणी पोत्यात ओतून आणली असती, तर त्यांतील एकही नाणे कमी झाले नसते. पण हा प्रश्न कोणाला सुचलाही नसता.

याच्या उलट काय होते, हेही इंग्लंडनेच पाहिले आहे. २०१५ साली चार महिन्यांच्या अंतराने त्या देशात नवव्या शतकातील दोन साठे सापडले. दोहोंत वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा केओलवुल्फ यांची नाणी होती. ज्या काही नाण्यांवर दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले दाखवले आहेत, ती नाणी या दोघांनीही पाडली होती. आल्फ्रेडच्या काळात लिहिल्या गेलेल्या बखरीने केओलवुल्फला परक्या आक्रमकांच्या हातचे बाहुले म्हणून हिणवले आहे. नाणी मात्र त्या दोघांच्या सहकार्याची साक्ष देतात. ऑक्सफर्डशायरमधील साठा ज्याला सापडला, त्याने तो कळवला. तो मातीच्या गोळ्यासकट उचलण्यात आला आणि २०१७ साली ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाने तो विकत घेतला. हेरफर्डशायरमधील साठा ज्या दोघांना सापडला, त्यांनी तो दडवला आणि चोरून विकावयास काढला. त्यांच्या फोनमधून पुसलेली छायाचित्रे परत मिळवण्यात आली. त्यांवरून तेथे सुमारे तीनशे नाणी असावीत असा अंदाज आहे. हाती लागली ती तीसच्या आसपास. २०१९ साली त्या दोघांना कारावासाची शिक्षा झाली. शिक्षेने न्याय झाला, पण विखुरलेला इतिहास पुन्हा एकत्र आला नाही.

इंग्लंडमधील १९९६ च्या कायद्याप्रमाणे, तीनशे वर्षांपूर्वीची दोन किंवा अधिक सोन्या-चांदीची नाणी एकत्र सापडल्यास चौदा दिवसांच्या आत कळवावे लागते, आणि संग्रहालयाने ती घेतल्यास मोबदला मिळू शकतो. सुटी नाणी व इतर वस्तू स्वेच्छेने नोंदवण्याची योजना १९९७ पासून चालू आहे. तिच्या दप्तरी पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. यंत्राने जे सापडते त्याला पत्ता देण्याचे काम ही योजना करते.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. तिकडे हा छंद आहे. आपल्याकडे संरक्षित स्थळी परवान्यावाचून उत्खनन करता येत नाही. परंतु नाण्याच्या पत्त्याचे मोल आपल्यालाही परके नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षहरात राजा नहपान याच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटवलेला आहे. असे एखादे सुटे नाणे बाजारात मिळाले असते, तर ते केवळ कुतूहलाचा विषय झाले असते. तो सारा साठा एका ठिकाणी पाहावयास मिळाला, म्हणूनच पराभूत राजाचा चलनात असलेला पैसा विजेत्याने केवढ्या प्रमाणावर आपलासा केला, हे समजले.

आपल्या देशात १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन ज्याला सापडेल, त्याने ते जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे असे तो सांगतो. त्या अर्जात धन कोणत्या प्रकारचे आहे, ते कोठे सापडले आणि कोणत्या दिवशी सापडले, हे लिहावयाचे असते. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच्या या कायद्यालाही ‘कोठे’ हा प्रश्न विचारावासा वाटला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्यापैकी फारच थोड्यांच्या हाती असे यंत्र येईल. पण विहीर खणताना, घराचा पाया घालताना किंवा नांगरट करताना मडक्याचा काठ कोणाच्याही दृष्टीस पडू शकतो. अशा वेळी हात आत घालण्याचा मोह आवरावा, जागेवर माती पसरावी, खूण करून ठेवावी आणि जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत लेखी खबर द्यावी. हजार-दीड हजार वर्षे जे मडके मातीत स्वस्थ राहिले, ते आणखी दोन दिवस राहू शकेल; आणि त्या दोन दिवसांत जाणकार माणूस तेथे पोहोचला, तर नाण्यांबरोबर त्यांची हकीकतही वर येईल.