सही करण्याआधी विचारा: शंभरातल्या किती जणांना?

आज बोलूया संमतीपत्राबद्दल. मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे हा कागद रोज बघतो. ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाईघाईत सही होते, तीही बऱ्याचदा मुलाची नाहीतर जावयाची. पेशंट म्हणतो, "डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं." विश्वास हवाच, पण समजून घेणं वेगळं.

2008 साली समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं. बाई तपासणीसाठी भुलीखाली होत्या, तेव्हा आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय काढलं गेलं. कोर्ट म्हणालं, ही संमती चालणार नाही. जिवावरचा प्रसंग सोडला, तर सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या पेशंटचा निर्णय त्याचाच.

पण निर्णय घ्यायला धोका कळायला हवा, आणि तिथे शब्द फसवतात. मी "क्वचित" म्हणतो, ऐकणाऱ्याला वाटतं "होतच नाही". आकडेही फसवतात बरं का! 1982 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाच्या कॅन्सरवर ऑपरेशन की रेडिएशन? काहींना सांगितलं, ऑपरेशननंतर 100 पैकी 90 जण वाचतात. काहींना सांगितलं, 10 दगावतात. गोष्ट एकच, पण "दगावतात" ऐकणाऱ्यांपैकी ऑपरेशन निवडणारे बरेच कमी निघाले. डॉक्टरांचंही तेच झालं!

म्हणून मी दोन्ही बाजू सांगतो. समजा, एखादा त्रास 100 पैकी 2 जणांना होतो. मी म्हणतो, "काका, पंगतीत शंभर पानं मांडलीत. दोन पानांवरच्या माणसांना हा त्रास होईल, अठ्ठ्याण्णवांना नाही. तुमचं पान कुठलं, हे मला आधी सांगता येत नाही." मग विचारतो, "आता हे काकूंना कसं सांगाल? मला सांगून दाखवा." ही परीक्षा काकांची नाही, माझ्या सांगण्याची आहे. नीट सांगता आलं नाही, तर मी पुन्हा सांगतो.

तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन ठरलं, तर हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या. फायदा काय? धोका शंभरातल्या किती जणांना? दुसरा उपाय आहे का? आणि काहीच केलं नाही तर काय होईल? शक्यतो आदल्या रात्री नाही, ओपीडीतच विचारा. विचारायला लाजू नका. शरीर तुमचं आहे.