पिल्लू पाळायचं की राखायचं?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील मुलांच्या बक्षीस समारंभात केलेले भाषण)



बक्षिसं झाली, आता वडे यायचे आहेत. मधली पाच मिनिटं मला द्या.

गेल्या मे महिन्यात टाकीजवळच्या जास्वंदीखाली मुलांना बुलबुलाचं पिल्लू सापडलं. बुटाच्या खोक्यात कापूस घालून ते आमच्या घरी आणलं. "आजोबा, आपण पाळू या ना! आम्ही आळीपाळीने सांभाळू." मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "आधी थोडं दूध पाजा." सकाळी पिल्लू मेलेलं होतं. मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी गप्प बसलो.

आज सांगतो. चूक मुलांची नव्हती, माझी होती. पक्ष्यांना दूध पचत नाही. थेंब श्वासनळीत गेला तर जीव गुदमरतो. आणि ते पिल्लू पोरकं नव्हतंच. बुलबुलाची पिल्लं दोन आठवड्यांच्या आतच घरटं सोडतात. तेव्हा त्यांना नीट उडता येत नाही. आईबाप झुडपात येऊन भरवतात. त्या संध्याकाळी दोन बुलबुल तारेवर ओरडत होते. त्यांचं लेकरू उचलून आम्ही म्हणत होतो, वाचवलं!

तेव्हा मुलांनो, पिसं फुटलेलं पिल्लू दिसलं तर जवळच्या झुडपात ठेवा, मांजर हाकला आणि लांब उभे राहा. पिसं नसतील तर मोठ्यांकडून घरट्यात ठेवून घ्या. हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. जखमी असेल तर मोठ्यांनी वन विभागाला 1926 वर फोन करावा.

पोपट पिंजऱ्यात ठेवणं तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कुणाच्या गॅलरीत पिंजरा असेल तर रागावू नका. पण पोपट परस्पर सोडूही नका, वन विभागाकडे द्या.

मग मुलांनी हौस भागवायची कशी? सलीम अलींनी लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहून ते चौकशीला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथून त्यांचं आयुष्यच बदललं. पुढे 1930 साली आपल्याच जिल्ह्यातल्या किहीमला त्यांनी सुगरणींची घरटी तासन्‌तास पाहिली आणि टिपून ठेवली. आपल्याला तर कर्नाळा अभयारण्य हाकेच्या अंतरावर आहे.

समितीला एकच विनंती. कुंपणाची छाटणी आपण दरवर्षी मे महिन्यात करतो, नेमकी विणीच्या दिवसांत. ती पावसाळ्यानंतर करावी. आणि मुलांसाठी वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही ठेवावी. कोणता पक्षी, कुठे, काय करत होता, एवढंच लिहायचं.

वहीचा खर्च माझ्याकडे. पहिल्या पानावर त्या पिल्लाची नोंद मी स्वतः करणार आहे.